‘वेगवृद्धी’ या संज्ञेचा अर्थ : संगणन, गणित आणि रायगडच्या किनाऱ्यावरील एक उदाहरण

संगणकशास्त्रातील ‘स्पीडअप’ या संज्ञेसाठी मराठीत कधी ‘गतिवृद्धी’, कधी ‘वेगवृद्धी’, तर कधी चक्क ‘त्वरण’ असा शब्द योजला जातो. यांपैकी शेवटचा पर्याय सर्वस्वी चुकीचा आहे. पदार्थविज्ञानातील त्वरण ही एकक असलेली राशी आहे. स्पीडअप हे निव्वळ गुणोत्तर आहे. तेच काम पूर्वी लागलेल्या वेळेस आता लागणाऱ्या वेळेने भागले की ते मिळते. त्यास एकक नाही, आणि म्हणूनच ते फसवे आहे. ‘सहापट’ हा आकडा ऐकताना कशाच्या सहापट, हे विचारण्याची गरज श्रोत्यास भासत नाही. ‘वेगवृद्धी’ हा शब्द त्यातल्या त्यात बरा असल्याने येथे तोच स्वीकारला आहे.

या गुणोत्तराची मर्यादा जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये दाखवून दिली. ती समजावून देण्यासाठी रायगडच्या प्राध्यापकास परदेशी उदाहरणाची आवश्यकता नाही. शिवडी ते चिर्ले हा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झाला. दोन तासांचा प्रवास सुमारे वीस मिनिटांवर आला, असे त्या वेळी सांगण्यात आले. म्हणजे वेगवृद्धी सहा. परंतु अलिबागला जाणाऱ्याचा प्रवास चिर्ल्याला संपत नाही. पेण, वडखळ आणि पुढचा अरुंद रस्ता शिल्लक राहतोच. हिशेबाच्या सोयीसाठी त्या उर्वरित भागासही दोन तास धरले, तर पूर्वीचे २४० मिनिटांचे काम आता १४० मिनिटांत होते. वेगवृद्धी सहा नव्हे, जेमतेम १.७. सेतूवरील वेळ उद्या शून्य झाला, तरी ती दोनच्या पुढे जाणार नाही. अ‍ॅमडाल यांच्या नियमाचा आशय एवढाच आहे : ज्या भागास सुधारणेचा स्पर्श झाला नाही, तोच अखेरची मर्यादा ठरवतो. दुचाकी आणि रिक्षा यांना तर सेतूवर प्रवेशच नाही. त्यांच्यापुरते हे गुणोत्तर १ आहे.

काही कामे वाटून देताच येत नाहीत, हे किनाऱ्यावरील कोळी समाजाला कोणत्याही नियमाविना ठाऊक आहे. डोल जाळ्यास भरती-ओहोटीच्या ओढीची वाट पाहावी लागते. होडीवर माणसे दुप्पट केली तर जाळे लवकर वर येईल; ओढ मात्र तिच्या वेळेलाच येईल.

१९८८ मध्ये जॉन गुस्टाफसन यांनी या निराशेला उत्तर दिले. अधिक प्रक्रियक हाती आल्यावर कोणी तेच जुने काम लवकर संपवत बसत नाही. तेवढ्याच वेळात मोठे काम हाती घेतो, असे त्यांचे म्हणणे होते. भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो सेवा २०२० मध्ये सुरू झाली, तिचे महत्त्व याच दृष्टीने पाहावे लागते. गेटवेहून मांडव्यास येणाऱ्या लाँचच्या तुलनेत तिने खाडी फार लवकर ओलांडली असे नाही. तिने माणसांबरोबर वाहनेही नेली. ही वृद्धी खरी आहे, पण ती वेगाची नव्हे, वाहिलेल्या भाराची आहे. दोन्हींस एकाच शब्दाने संबोधणे हा गुस्टाफसन यांचा दोष नसला, तरी त्यांच्यानंतर आलेल्या अनेक शोधनिबंधांचा निश्चित आहे.

महाराष्ट्रात समांतर संगणनाची चर्चा पुण्याच्या सी-डॅक या संस्थेपासून सुरू होते. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ट्रान्सप्युटर वापरून ‘परम ८०००’ उभा केला. त्या यशाचा अभिमान योग्यच आहे. मात्र मराठीतील त्याविषयीचे बहुतेक लेखन यंत्राच्या कमाल वेगाभोवती फिरते आणि एखाद्या प्रत्यक्ष कामास किती वेळ लागला, या प्रश्नाकडे वळतच नाही. पुण्यातच टाटा समूहाच्या संस्थेने उभारलेला ‘एका’ हा महासंगणक नोव्हेंबर २००७ च्या जागतिक क्रमवारीत चौथा आला. त्याचा सैद्धांतिक कमाल वेग सुमारे १७०.९ टेराफ्लॉप्स होता, तर प्रमाणित चाचणीत प्रत्यक्ष मोजलेला वेग ११७.९. जवळजवळ तीन-दशांश वेग मोजणीपर्यंत पोहोचला नाही. यात लाजिरवाणे काही नाही. अशी तफावत सर्वच महासंगणकांत आढळते. लाजिरवाणे आहे ते पहिला आकडा छापून दुसरा गाळणे. अशा युक्त्यांची उपहासात्मक यादी डेव्हिड बेली यांनी १९९१ मध्येच केली होती. त्यांतील एक युक्ती महाविद्यालयीन प्रकल्पांत सर्रास आढळते : मुद्दाम गबाळ्या लिहिलेल्या एकेरी कार्यक्रमाशी समांतर कार्यक्रमाची तुलना करायची. पाया जितका दुबळा, तितकी वृद्धी देखणी.

सिद्धान्ताच्या प्रांतात गेल्यावर शब्द तोच राहतो आणि अर्थ पालटतो. हार्टमॅनिस आणि स्टर्न्स यांनी १९६५ मध्ये दाखवले, की ट्यूरिंग यंत्राची अक्षरमाला मोठी केल्यास त्याचे काम कोणत्याही स्थिर पटीने जलद करता येते. म्हणजे ज्या सहापटीसाठी अभियंता वर्षे खर्ची घालतो, ती सिद्धान्ताच्या लेखी दखलपात्रच नाही. उलट बाजूही तितकीच बोलकी आहे. आयआयटी कानपूरच्या मणीन्द्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी २००२ मध्ये मूळसंख्या ओळखण्याची निश्चित बहुपदकालीन रीत दिली. ती सैद्धांतिक दृष्ट्या थोर आहे. व्यवहारात मात्र जुन्या संभाव्यताधिष्ठित चाचण्याच अधिक वेगवान ठरतात. मॅन्युएल ब्लम यांचा १९६७ चा सिद्धान्त तर ‘सर्वांत वेगवान कार्यक्रम’ या कल्पनेलाच धक्का देतो. काही फलने अशी आहेत, की त्यांच्या प्रत्येक कार्यक्रमाहून कितीतरी वेगवान दुसरा कार्यक्रम अस्तित्वात असतोच, आणि त्याहून वेगवान तिसरा. त्यांपुढे प्रक्रियकांची संख्या वाढवण्याची चर्चा गौण ठरते.

या साऱ्यांच्या आधी, १९३६ मध्ये, कुर्ट गोडेल यांनी सिद्धतांच्या लांबीविषयी एक छोटे टिपण प्रसिद्ध केले. अधिक समर्थ तर्कव्यवस्थेत केवळ नवी विधाने सिद्ध होतात असे नाही. जुन्या व्यवस्थेत सिद्ध होणाऱ्या काही विधानांच्या सिद्धताही कल्पनेपलीकडे आखूड होतात, असे त्यात म्हटले आहे. येथे यंत्र नाही, घड्याळ नाही, वेळही नाही. आहे ती फक्त पानांची संख्या. तरीही यास वेगवृद्धीच म्हणतात, आणि विशेष म्हणजे तुलनेचा पाया येथेच सर्वांत स्पष्टपणे नोंदलेला असतो. कोणत्या व्यवस्थेतून कोणत्या व्यवस्थेत गेलो आणि अधिकची कोणती गृहीतके मान्य केली, हे सांगितल्याखेरीज गोडेल यांचे विधान लिहिताच येत नाही. अटल सेतूवरील पथकराप्रमाणे त्या गृहीतकांचे मोल प्रवेशापाशीच भरावे लागते. प्रकल्प-अहवालातील आलेखांवर हे मोल बहुधा नोंदलेले नसते. तेथे आडव्या अक्षावर प्रक्रियकांची संख्या असते, उभ्या अक्षावर ‘स्पीडअप’, आणि मूळ कार्यक्रमास किती सेकंद लागले होते याची जागा कोरी असते.