रंगमंचावरचे घात आणि आपल्या टाळ्या

मागच्या व्याख्यानात आपण अभिनवगुप्तांच्या रसविघ्नांपाशी थांबलो होतो. ती विघ्नं प्रेक्षकाच्या बाजूची. आज रंगमंचावरच्या विघ्नांकडे वळू. ऐन पदात शब्द विसरणं, आवाज बसणं, पाय अडकून पडणं, घरातलं दुःख मागे ठेवून तोंडाला रंग लावणं. संगीत नाटकाच्या रसिकांना या कहाण्या फार प्रिय. मध्यंतरात चहाबरोबर त्याच चालतात. आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो: या कहाण्या आपण नटाच्या धैर्याच्या म्हणून सांगतो आणि त्या भरात ती वेळ त्याच्यावर आली कशी, हे विचारायचं राहून जातं.

सुरुवात भरतमुनींपासून करू. ‘नाट्यशास्त्रा’च्या पहिल्याच अध्यायात पहिल्या प्रयोगाची कथा आहे. इंद्राच्या ध्वजमहोत्सवात देवांच्या विजयाचं नाटक चाललेलं. दैत्य संतापले. विरूपाक्षाला पुढे करून विघ्नं रंगात शिरली आणि त्यांनी नटांची तीन गोष्टींत कोंडी केली: वाणी, हालचाल आणि स्मृती. कोणत्याही नटाला विचारा, त्याची भीती या तिघांतलीच निघेल. इंद्रानं ध्वजाचा दांडा उचलून विघ्नांना झोडपलं. तोच तो ‘जर्जर’. पण तेवढ्यानं भागलं नाही. मग ब्रह्मदेवानं विश्वकर्म्याला नाट्यगृह बांधायला सांगितलं आणि त्याच्या भागाभागांवर रक्षणासाठी देव नेमले. आता पाहा, नटांना कोणी ‘धीर धरा’ असा उपदेश केला नाही. त्यांच्यासाठी घर बांधलं, पहारा बसवला. नाट्यगृह ही वास्तू या कथेत जन्मते तीच मुळी नटाच्या संरक्षणासाठी.

पुढे सिद्धीच्या अध्यायात भरतमुनी प्रयोगातल्या ‘घातां’ची वर्गवारी करतात. काही घात दैवी: वारा, आग, पाऊस. काही प्रतिस्पर्ध्यांनी केलेले. काही नटाचे स्वतःचे: आठवण जाणं, दुसऱ्याचं वाक्य बोलणं, डोक्यावरचा मुकुट पडणं. हे घात मोजायला जाणकार परीक्षक बसवलेले. म्हणजे घात ही नोंद करायची बाब होती आणि तो कोणाच्या खात्यावर टाकायचा, हेही ठरवायचं होतं. समीक्षेचं हे काम आपण सोडून दिलं, असं आम्हाला वाटतं.

आता संगीत नाटकातली भीती वेगळी का, ते पाहू. गद्य नाटकात नट वाक्य विसरला तर तो खिडकीशी जाईल, पाणी पिईल, विंगेतून प्रॉम्प्टर शब्द देईल. प्रेक्षकाला वाटेल, काय सुंदर थांबला! पदात ही सोय नाही. त्रितालाच्या सोळा मात्रा कोणासाठी थांबत नाहीत, सम येणारच. पण आपल्या संगीत नाटकानं यावर उपायही ठेवलाय. शब्द गेला तरी राग जात नाही. नट आकारात शिरतो, ऑर्गनवाला मुखडा वाजवून त्याला वाट दाखवतो, तबलजी ठेका जरा सोपा, स्पष्ट करतो. दोन आवर्तनांत गाडी रुळावर. प्रेक्षक ‘वन्स मोअर’ देतो तो गायकाला. त्या अवघड क्षणी त्याला सावरणाऱ्या खड्ड्यातल्या दोन माणसांची नावं परीक्षणात तुम्ही कधी वाचलीत? आम्ही तरी लिहिली नाहीत.

आता आपल्या सर्वांत मोठ्या कहाणीकडे येऊ. १२ मार्च १९११, मुंबईचं रिपन थिएटर, किर्लोस्कर नाटक मंडळी, खाडिलकरांच्या ‘संगीत मानापमान’चा पहिला प्रयोग. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी गेली आणि तरीही रात्री ते भामिनी म्हणून उभे राहिले. ही हकिकत आपण शंभर वर्षांवर अभिमानानं सांगतो आहोत. त्यांच्या निर्णयावर बोट ठेवायचा आम्हाला काडीचा अधिकार नाही. बापाचं दुःख आणि कलावंताचं व्रत यांचा हिशेब ज्याचा त्यानं करायचा. आमचा प्रश्न आहे कहाणी सांगणाऱ्यांना, म्हणजे आपल्यालाच. मंडळीचा सगळा डोलारा एका गळ्यावर उभा असताना त्या गळ्याला ‘आज नाही’ म्हणायची मोकळीक होती का? नसेल, तर आपण ज्याला त्याग म्हणतो त्यात नाइलाज किती होता?

अभिनवगुप्त सांगतात की प्रेक्षक स्वतःच्या सुखदुःखात बुडालेला असेल तर रसाला विघ्न येतं आणि गाणं-वाजवणं हा त्यावरचा उतारा. म्हणजे आपलं दुःख विसरावं म्हणून नटानं गायचं. त्याच्या दुःखावर उतारा कोणता, याचं उत्तर तिथं मिळत नाही.

आता तुलनेसाठी न्यूयॉर्कच्या संगीत रंगभूमीकडे जाऊ. ८ जानेवारी २००५, गर्श्विन थिएटर, ‘विकेड’. चेटकीण वितळून नाहीशी होते त्या प्रसंगात इडिना मेंझेल रंगमंचातल्या झडपेतून खाली पडल्या, बरगडीला इजा झाली. दुसऱ्या दिवशी त्यांचा या नाटकातला शेवटचा प्रयोग ठरलेला. तो शोशाना बीन यांनी केला. मेंझेल शेवटी तांबड्या ट्रॅकसूटमध्ये येऊन गेल्या, प्रेक्षागृह उभं राहिलं. आम्हाला यात टाळ्यांपेक्षा मोलाची वाटते ती बदली नटीची तयारी. ती होती म्हणून दुखावलेल्या बाईंना पूर्ण प्रयोग ओढावा लागला नाही.

तिथं सगळं आलबेल आहे असंही नाही. २० डिसेंबर २०१० ला ‘स्पायडर-मॅन: टर्न ऑफ द डार्क’च्या प्रयोगात ख्रिस्तोफर टिअर्नी हा कसरतपटू नट उंचावरून कोसळला. त्याला धरून ठेवणारा दोर अडकवलाच गेला नव्हता. मणके मोडले, कवटीला तडा गेला. मात्र त्यानंतर सरकारच्या कामगार-सुरक्षा विभागानं चौकशी केली आणि मार्च २०११ मध्ये निर्मात्या कंपनीवर गंभीर त्रुटींचा ठपका ठेवला. टिअर्नी पुढे बरा होऊन त्याच नाटकात परतला, त्याचं कौतुक झालंच. पण घात कोणाच्या खात्यावर, हेही कागदावर लिहिलं गेलं. भरतमुनींच्या परीक्षकांचं काम तिथं एका सरकारी खात्यानं केलं म्हणा ना!

शेवटी आमचीच एक चूक सांगतो. तीसेक वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी संगीत नाटकाचा प्रयोग पाहत होतो. दुसऱ्या अंकात नायकाचा पाय रंगमंचाच्या दोन फळ्यांमधल्या फटीत गेला. कळ चेहऱ्यावर दिसली, क्षणभर सूर हलला. मग तो तिथंच बसला आणि बसूनच पद पुरं केलं. टाळ्या थांबेनात. आम्ही परीक्षणात त्याच्या निष्ठेवर तीन परिच्छेद लिहिले. काही महिन्यांनी तो भेटला, अजून लंगडत होता. आम्हाला वाटलं, आभार मानेल. तो म्हणाला, “सर, छान लिहिलंत. पण त्या फळीबद्दल एक ओळ लिहिली असतीत तर बरं झालं असतं. परवा तिथंच पुन्हा प्रयोग होता. फळी तशीच आहे.”

आम्ही तीन परिच्छेद लिहिले होते, त्यात फळी हा शब्दच नव्हता. तेव्हापासून कोणी आम्हाला अशी कहाणी सांगितली की आम्ही तो नट कसा सावरला हे जरूर ऐकतो आणि मग विचारतो, फळी कोणी दुरुस्त केली? तुम्हीही विचारत चला.