‘स्वर्ग आणि नरक’ : कुरोसावा यांच्या एका चित्रपटाविषयी

अकिरा कुरोसावा यांचा ‘तेन्गोकु तो जिगोकु’ (१९६३) हा चित्रपट इंग्रजी जगात ‘हाय अँड लो’ या नावाने ओळखला जातो. मूळ शब्दांचा सरळ अर्थ ‘स्वर्ग आणि नरक’ असा आहे. मराठी अनुवादकाला येथे काहीच कष्ट पडत नाहीत. इंग्रजीत मात्र हे शब्द टाळून त्यांच्या जागी केवळ उंची आणि सखलपणा आला. परिणामी, टेकडीवरचा बंगला व पायथ्याची वस्ती यांतील सामाजिक अंतर एवढाच चित्रपटाचा विषय मानला जातो, आणि नरक नेमका कोठे आहे हा प्रश्न विचारावयाचा राहून जातो.

एड मॅकबेन यांच्या ‘किंग्ज रॅन्सम’ (१९५९) या कादंबरीवर कथानक आधारलेले आहे. योकोहामातील पादत्राणांच्या कंपनीचा एक संचालक गोंदो (तोशिरो मिफुने) याच्या मुलाऐवजी चुकून त्याच्या मोटारचालकाचा मुलगा पळविला जातो. दुसऱ्याच्या मुलासाठी तीन कोटी येन देऊन आपण कंगाल व्हावे काय, या पेचात पूर्वार्ध बहुतांशी एका दिवाणखान्यातच घडतो. उत्तरार्ध पोलिसांचा आहे. घामाने निथळणाऱ्या, एकेक बारीक धागा जोडीत जाणाऱ्या त्या तपासाची वाखाणणी पुष्कळांनी केली आहे. ती सार्थच होय.

मला अडते ते पुढे. शिकाऊ डॉक्टर ताकेउची याने आपल्या दोन व्यसनी साथीदारांना शुद्ध हेरॉइन देऊन आधीच संपविले आहे. तो कोण, हे निरीक्षक तोकुरा (तात्सुया नाकादाई) यास कळून चुकते. परंतु अपहरणासाठी फार तर पंधरा वर्षांची शिक्षा होईल, आणि ती त्याला अपुरी वाटते. (खंडणीसाठी केलेल्या अपहरणाची शिक्षा जपानी कायद्याने १९६४ मध्ये वाढविली.) म्हणून साथीदार जिवंत असल्याचा आभास वृत्तपत्रे व एक बनावट चिठ्ठी यांच्या साहाय्याने निर्माण करून, आरोपीस पुन्हा विष आणावयास मोकळे सोडले जाते. तो ते मिळवितो आणि त्याची परीक्षा घेतो. व्यसनींनी भरलेल्या एका गल्लीतून नशेवाचून तडफडणारी एक स्त्री निवडून तो तिला एका खोलीत नेतो. ती मरते. पाळतीवरचे पोलीस बाहेर असतात. तिला नाव नाही.

हा मृत्यू पोलिसांच्या डावपेचातून घडला, हे पटकथेत कोणीही उच्चारीत नाही. तोकुराच्या मनाला टोचणी लागलेली दिसत नाही, आणि गोंदोविषयीच्या सहानुभूतीत प्रेक्षकही ती विसरतो. हा पटकथेचा दोष आहे असे माझे मत होते, व ते आजही फारसे बदललेले नाही. मात्र त्या गल्लीत कॅमेरा कथेच्या गरजेहून अधिक काळ रेंगाळतो, भिंतींना टेकलेली माणसे एकेक करून दाखवितो. पटकथेने जे टाळले ते दिग्दर्शकाच्या दृष्टीने टाळलेले नाही, एवढे म्हणावयास हरकत नाही.

शेवटच्या भेटीत फाशीची वाट पाहणारा ताकेउची शीर्षकातील दोन्ही शब्द वापरतो. आपल्या कोंदट खोलीतून वर पाहताना गोंदोचे घर स्वर्गासारखे भासे, असे तो सांगतो. आणि जन्मापासून नरकच भोगल्याने त्याचे आता भय नाही, असेही. इंग्रजी शीर्षक वाचून बसलेल्या प्रेक्षकाला हा संदर्भ लागतच नाही. काचेत दोघांच्या मुद्रा एकमेकींवर पडतात. गल्लीतील त्या स्त्रीचा उल्लेख दोघांपैकी कोणीच करीत नाही.