झाड कोणाचे?

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' (२००४) या ऑनलाइन खेळात सुरुवातीला वनौषधी आधी खुडेल त्याची असे. मागून येणारा रिकाम्या हाताने परते. 'गिल्ड वॉर्स २'ने (२०१२) तोडगा काढला : एकच झाड प्रत्येक खेळाडूला स्वतंत्रपणे तोडता येते. भांडण मिटले. मला मात्र ही पळवाट वाटते. तिने शेजाऱ्याशी बोलण्याची गरजच संपवली.

आमच्याकडे मे महिन्यात तेंदूपानांसाठी गावेच्या गावे जंगलात उतरतात. ओरबाडलेले जंगल काही मिनिटांत पुन्हा उगवत नाही. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकारही आला. तेथे ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेते.

खेळात झाड पुन्हा केव्हा उगवावे हे कंपनी ठरवते. माझी सूचना एवढीच : अति तोडले तर सर्वांसाठीच विरळ होईल असे रान द्यावे, आणि तोडबंदीचा अधिकार तोडणाऱ्यांच्या सभेला द्यावा. भांडणे होतील, होऊ द्यावीत. आमची मुले मोहफुले वेचण्याआधी पडद्यावरची फुले खुडू लागली आहेत. रान कधी संपतच नाही, ही समजूत त्यांनी तिथून घेऊन येऊ नये.