आंब्याच्या जातींची तुलना : आकड्यांचा अर्थ

आंब्याच्या जातींचा तौलनिक अभ्यास सामान्यतः दोन अंगांनी होतो. फळाचे वजन आणि साल, गर व बाठा यांचे प्रमाण ही भौतिक लक्षणे. विद्राव्य घनपदार्थ, आम्लता, शर्करा, कॅरोटीन व क जीवनसत्त्व ही जीवरासायनिक लक्षणे होत. या मोजमापांची उपयुक्तता निर्विवाद आहे. मात्र कोष्टकात आकडे शेजारी मांडले म्हणजे जातींची तुलना झाली, ही समजूत तपासून पाहणे अगत्याचे आहे.

आंबा हे झाडावरून उतरविल्यानंतरही पिकणारे फळ आहे. अढीत त्यातील स्टार्चचे शर्करेत रूपांतर होते, आम्लता घटते व कॅरोटीन वाढते. म्हणून कोवळा उतरविलेला हापूस व पूर्ण तयार झालेला केशर यांच्यातील फरक जातीचा किती आणि पक्वतेचा किती, हे केवळ अंतिम आकड्यांवरून ठरविता येत नाही. पाण्यात बुडणारी फळे निवडून पक्वतेत सारखेपणा साधण्याची रीत या दृष्टीने मोलाची आहे.

शर्करा-आम्ल गुणोत्तराच्या बाबतीत अधिक सावधगिरी हवी. घनपदार्थ १८ टक्के व आम्लता ०.३ टक्के असता हे गुणोत्तर ६० येते; आम्लता ०.२ टक्के होताच तेच ९० होते. इतक्या सूक्ष्म फरकावर जातींचा श्रेष्ठकनिष्ठभाव उभारणे धाडसाचे ठरेल.

काही गुणदोष तर सरासरीत उतरतच नाहीत. हापूसमधील साका बाहेरून दिसत नाही; फळ कापल्यावरच पांढुरका, आंबट गर आढळतो. अशी फळे वगळून सरासरी काढल्यास हापूसचा मोठा दोषच कोष्टकातून नाहीसा होतो. नीलम व हापूस यांच्या संकरातून निर्माण झालेली ‘रत्ना’ ही जात कोकण कृषी विद्यापीठाने १९८१ साली प्रसारित केली. तिचे साकामुक्त असणे केवळ शर्करेच्या आकड्यांवरून कळणार नाही. उलट १९९२ सालच्या ‘सिंधू’चा अतिशय पातळ बाठा गराच्या प्रमाणावरून तत्काळ ध्यानात येतो. कोणते मोजमाप कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते, हा विवेक म्हणूनच आवश्यक आहे.

आंब्याचे कलम बागेत अनेक दशके उभे असते. निवड चुकल्यास तिचे परिणाम बागायतदारास दीर्घकाळ भोगावे लागतात. यास्तव फळांची पक्वता, पिकविण्याची रीत, तपासलेल्या व वगळलेल्या फळांची संख्या आणि हंगामाहंगामातील तफावत यांची नोंद प्रत्येक कोष्टकासोबत असली पाहिजे. त्यावाचून केलेली तुलना जातींची नव्हे, तर हाती आलेल्या फळांची ठरते.