'अन्फाल' आणि आपले मौन

'अल-अन्फाल' हे पवित्र कुरआनच्या आठव्या सूरहचे नाव. १९८८ मध्ये सद्दाम हुसेनच्या राजवटीने उत्तर इराकमधील कुर्दांच्या संहाराच्या मोहिमेला हेच नाव दिले. मारणारे मुसलमान, मरणारे बहुसंख्य मुसलमान आणि नाव कुरआनातले! ह्यूमन राइट्स वॉचच्या अंदाजानुसार त्यात ५० हजार ते १ लाख माणसे मारली गेली, सुमारे २००० गावे उद्ध्वस्त झाली. त्याच काळात, १६ मार्च १९८८ रोजी, हलबजा शहरावर विषारी वायू सोडला गेला आणि सुमारे ५००० जीव गेले.

फिलिस्तीनवर आपल्या मुशायऱ्यांत, अंकांत भरभरून लिहिले गेले आणि ते योग्यच आहे. हलबजावर किती लिहिले गेले? उलट १९९१ च्या आखाती युद्धाच्या सुमारास आपल्या वस्त्यांत मुलांची नावे सद्दाम ठेवली गेली. अमेरिकेचा वैरी तो आपला, असा हा साधा हिशेब. पण १९८८ मध्ये सद्दाम अमेरिकेचा वैरी नव्हताच. इराणविरुद्धच्या युद्धात अमेरिका त्याला गुप्त माहिती पुरवत होती, आणि हलबजानंतर अमेरिकी परराष्ट्र खात्याने इराणकडेही बोट दाखवले. मे १९८८ मध्ये सुरक्षा परिषदेने ६१२ क्रमांकाचा ठराव केला. त्यात रासायनिक अस्त्रांचा निषेध होता, गुन्हेगाराचे नाव नव्हते.

अधिक बोचते ते एडवर्ड सईद यांचे उदाहरण. फिलिस्तीनींची बाजू जगापुढे मांडणाऱ्या या विद्वानाने मार्च १९९१ मध्ये 'लंडन रिव्ह्यू ऑफ बुक्स'मध्ये, इराकने स्वतःच्याच नागरिकांवर वायू सोडल्याचा दावा अनिश्चित ठरवला. युद्ध पेटवणाऱ्या अमेरिकेच्या प्रचारावर त्यांचा भरवसा नव्हता, हे समजू शकते. पण निर्वासित कुर्द सांगत होते, तो अमेरिकेचा प्रचार नव्हता. मजलूमाची साक्ष आपल्याला सोयीची नसली म्हणून ती संशयास्पद होते काय?

इराकी लेखक कनान मकिया यांनी 'क्रुएल्टी अँड सायलेन्स' (१९९३) या पुस्तकात अरब बुद्धिवंतांना, सईदांनाही, या मौनाचा जाब विचारला. तो सवाल खरा होता. मात्र हेच मकिया पुढे २००३ च्या अमेरिकी आक्रमणाचे समर्थक झाले. जुलमाविरुद्ध बोलायचे तर बॉम्बफेक्यांच्या रांगेत उभे राहावे लागते, हे मला मान्य नाही. त्या आक्रमणातून इन्साफही अर्धाच निघाला. ३० डिसेंबर २००६ रोजी, इराकमधील सुन्नींच्या बकरी ईदच्या दिवशी, सद्दामला दुजैलच्या खटल्यात फाशी दिली गेली. अन्फालचा खटला तेव्हा चालूच होता. सद्दामपुरता तो निकालाविनाच संपला.

निवडणुका होणाऱ्या तुर्कस्तानातली गोष्ट वेगळी, पण तितकीच बोलकी. तिथे शस्त्रांच्या जोडीने कायदाही वापरला गेला. १९८३ च्या कायद्याने कुर्द भाषेवर घातलेली बंदी १९९१ पर्यंत टिकली. त्याच वर्षी लैला झाना यांनी संसदेत शपथ घेताना तुर्क-कुर्द भाईचाऱ्याचे एक वाक्य कुर्दमध्ये उच्चारले आणि गदारोळ उडाला. १९९४ मध्ये त्यांना पीकेकेशी संबंधाच्या आरोपावरून १५ वर्षांची शिक्षा झाली. २००४ मध्ये त्या सुटल्या. २०१२ मध्ये सरकारी शाळांत कुर्द हा ऐच्छिक विषय झाला, पाचवीपासून, आठवड्याला दोन तास आणि तोही किमान दहा मुलांनी मागितला तर. उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवत असल्याने एवढे सांगू शकतो, आठवड्याला दोन तास मिळणारी भाषा आणि जिच्यातून मूल गणित शिकते ती भाषा, यांत फार अंतर असते.