पियानोच्या पोटातला आवाज

ध्वनिमुद्रण म्हणजे नको ते आवाज वगळून हवा तेवढाच स्वर टिपण्याची कला, अशी माझी अनेक वर्षे समजूत होती. पियानोच्या बाबतीत तर ती अधिकच घट्ट होती. प्रशस्त दालन, वाद्यापासून बेताच्या अंतरावर ठेवलेले मायक्रोफोन, सुरांना मिळणारा घुमारा, आणि वादकाला जणू देहच नाही अशी शांतता, हे मी चांगल्या मुद्रिकेचे लक्षण मानीत असे. म्हणूनच निल्स फ्राम या जर्मन पियानोवादकाची २०११ साली निघालेली ‘फेल्ट’ ही मुद्रिका प्रथम ऐकली तेव्हा मुद्रणात काही बिघाड असावा असेच मला वाटले. सुराच्या अगोदर खटखट, सुराच्या मागे कुरकुर, आणि मध्येच कोणीतरी श्वास घेतल्याचा भास!

तो बिघाड नव्हता. बर्लिनमध्ये आपल्या घरातल्याच स्टुडिओत रात्री उशिरा वाजवताना शेजाऱ्यांना त्रास होऊ नये, म्हणून फ्रामने पियानोच्या हातोड्या आणि तारा यांच्यामध्ये फेल्टचे कापड घातले होते. असे केले म्हणजे हातोडी तारेवर थेट आदळत नाही. सुराची धार बोथट होते, वरचे उपस्वर विरतात, आणि नाद इतका मंद होतो की तो टिपण्यासाठी मायक्रोफोन तारांच्या अगदी जवळ न्यावे लागतात. पण सूर जवळ आला की त्याच्याबरोबर बाकीचेही सारे जवळ येते. कळ खाली जाताना होणारी लाकडाची हालचाल, पेडलची कुरकुर, वादकाचा श्वास यांतले काहीच लपत नाही. भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांसाठी केलेल्या उपायाने सुराच्या शेजाऱ्यांना वाचा फुटली, असे म्हणावयास हरकत नाही.

बैठकीच्या गाण्याला सरावलेल्या माझ्या कानाला हे लवकरच आवडू लागले. तंबोऱ्याची जुळवाजुळव आणि गवयाचे खाकरणे आपण गाण्याबरोबर ऐकत आलोच आहोत. तथापि या दोहोंत एक महत्त्वाचा भेद आहे. बैठकीतला आवाज चार हातांवरून येतो. तिथे बसलेला प्रत्येक माणूस तो ऐकतो. ‘फेल्ट’मधला आवाज मात्र पियानोच्या पोटातला आहे. तो शेजाऱ्याला ऐकू येत नाही आणि बाकावर बसलेल्या खुद्द वादकालाही इतक्या निकट येत नाही. कोणत्याही माणसाचा कान जिथे नसतो तिथे मायक्रोफोनचा कान ठेवला आहे. तेव्हा ज्याला आपण घरगुती, सहज, निर्व्याज म्हणतो ते वस्तुतः रचलेले असते. मुद्रण घरी केले एवढ्याने ते खरे ठरत नाही.

मग खरेखोटे ठरवावयाचे कसे? मी मनाशी एक कसोटी लावून पाहतो. सुराभोवतीची ही सारी खुडबुड काढून टाकली तर रचना उरते काय, आणि उरली तर तीच उरते काय? ‘फेल्ट’मधली ‘लेस’ ही रचना घ्या. संथ, मोजके स्वर. दोन स्वरांमध्ये मोठे अंतर. हे अंतर निर्मळ शांततेने भरले असते तर रचना उदास आणि काहीशी पोकळ झाली असती. इथे त्या अंतरात लाकूड हलते, आणि पुढचा स्वर येण्यापूर्वीच तो येत असल्याची चाहूल लागते. ही चाहूलच रचनेची लय होते. मंद वाजवावे लागले म्हणून स्वर कमी झाले, स्वर कमी झाले म्हणून चाहुलीला जागा मिळाली. अडचण, वाद्य आणि रचना यांचा असा एकजीव झाला आहे की एक ओढले तर दुसरे उसवते.

या कसोटीमुळेच पुढे आलेल्या अनुकरणांविषयी माझे मत कडक झाले आहे. गेल्या काही वर्षांत दबलेल्या पियानोची लाटच उसळली. संगणकावर वाजवावयाचे असे तयार पियानो आता विकत मिळतात, आणि त्यांतल्या काहींत हातोडीची खटखट हवी तेवढी वाढवण्याची सोय असते. ज्या घरात शेजारी नाही, रात्र नाही, पियानोही नाही, तिथे शेजारधर्माचा हा आवाज चवीपुरता मिसळला जातो. स्वरांत सांगण्यासारखे काही नसले की जवळिकीचा देखावा करावा लागतो. हा देखावा दालनातल्या जुन्या निर्देह शांततेपेक्षा अधिक अप्रामाणिक आहे. कारण ती शांतता निदान आपण घडवलेली आहोत हे लपवीत नव्हती.

पण या वैतागात मी संबंध प्रकारच मोडीत काढणार होतो, ते रियुइची साकामोतो यांच्या ‘१२’ या मुद्रिकेमुळे राहिले. कर्करोगावरील मोठ्या शस्त्रक्रियेनंतर, २०२१ आणि २०२२ या वर्षांत त्यांनी रोजनिशी लिहावी तसे हे तुकडे मुद्रित केले. काही पियानोवर, काही सिंथेसायझरवर. नावे म्हणून तारखा. त्यांतून निवडलेल्या बारा रचना १७ जानेवारी २०२३ रोजी प्रसिद्ध झाल्या. २८ मार्चला ते गेले. काही ठिकाणी सुरांबरोबर त्यांचा श्वास ऐकू येतो. जड, ओढलेला श्वास. एक स्वर वाजतो, विझत जातो, आणि श्वास मात्र चालू राहतो. पियानोचा स्वर एकदा वाजला की वादकाला तो वाढवता येत नाही, त्याचे विरणे नुसते ऐकावे लागते, ही या वाद्याची मूळची मर्यादा. ती मला इतक्या उघडपणे पूर्वी कधी जाणवली नव्हती.

हा श्वास पुसून टाकणे तंत्राला अवघड नसावे. तो राहू दिला, हा कलावंताचा निर्णय. पण तो घेण्यासाठी श्वास आधी तिथे असावा लागतो. घरी केलेल्या मुद्रणाचे सारे मोल मला एवढ्यातच दिसते. खटखट ऐकू आली की हल्ली मी भुलत नाही, चिडतही नाही. त्या खोलीत कोण बसले होते आणि त्याला हळू का वाजवावे लागले, एवढेच विचारतो.