परतलेला लेखक आणि जन्मभूमीचे अध्ययन

स्वदेशी परत येणे हा विषय मराठी लेखकाने हाती घेतला की बहुधा उंबरठ्यावर डोळे पाणावतात आणि तेथेच लेखन संपते. उंबरठ्याच्या आत आल्यावर पुढे काय होते, याची विचारपूस आमच्या टीकेनेही फारशी केलेली नाही. अदिलाबादच्या मराठी वाचकाला मात्र हा प्रश्न परका नाही. 1 नोव्हेंबर 1956 रोजी किनवट व राजुरा हे प्रदेश या जिल्ह्यातून निघून तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले; उरलेला जिल्हा प्रथम आंध्र प्रदेशात राहिला आणि 2014 पासून तेलंगणात आहे. घर न सोडताही ‘आपला मुलूख’ पैनगंगेपलीकडे राहिला, ही भावना येथे समजण्याजोगी आहे. म्हणून जन्मभूमी खऱ्या अर्थाने आपली केव्हा होते, हे आम्ही येथे एका परतलेल्या लेखकाच्या आधारे तपासू इच्छितो. ते लेखक म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी.

कोसंबींचा जन्म 31 जुलै 1907 चा, पोर्तुगीज अमलाखालील गोव्यातला. वडील धर्मानंद हे पालीचे थोर पंडित. हार्वर्ड विद्यापीठातील कामासाठी ते 1918 मध्ये अमेरिकेस गेले, तेव्हा दहा-अकरा वर्षांच्या दामोदरास त्यांनी बरोबर नेले. मुलाचे शालेय शिक्षण अमेरिकेतील केंब्रिज गावी झाले. मध्यंतरी एकदा स्वदेशी येऊन तो पुन्हा हार्वर्डला गेला आणि 1929 मध्ये पदवी घेऊन कायमचा परतला. प्रथम काशी हिंदू विश्वविद्यालयात, मग अलीगढला आणि पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात कोसंबींनी गणित शिकविले. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ते परतले ते ब्रिटिश हिंदुस्थानात. गोवा 1961 पर्यंत परराज्याखालीच होता. जन्मस्थान एका राज्यात आणि स्वदेश दुसऱ्या राज्यात, अशी त्यांची स्थिती होती.

परतल्यावर त्यांनी काय केले, हे ‘मिथ अँड रिॲलिटी’ (1962) या निबंधसंग्रहावरून चांगले कळते. त्यातील एक निबंध चव्हाट्यावरील मातृदेवतांविषयी आहे. ‘मृच्छकटिका’च्या पहिल्या अंकात चारुदत्त आपल्या मित्राला चव्हाट्यावर मातृदेवतांना बळी ठेवून येण्यास सांगतो. हे नाटक आम्ही वर्गात पिढ्यान्‌पिढ्या शिकवीत आलो. पण बळी चव्हाट्यावरच का, हे विचारावयाचे आम्हांस सुचले नाही, कारण असल्या गोष्टी आपणांस ठाऊकच आहेत अशी आमची समजूत. कोसंबींनी तो प्रश्न विचारला आणि उत्तरासाठी पुण्याभोवतीचा मुलूख पायी तुडविला. गावाबाहेरचे शेंदूर फासलेले दगड, त्यांच्या आसपास सापडणारी गारगोटीची इवलीशी हत्यारे, धनगरांच्या वाटा आणि कार्ले-जुन्नरची लेणी ही सारी त्यांनी एका नकाशावर पाहिली. शेती स्थिरावण्यापूर्वी भटक्या समूहांच्या वाटा जेथे एकमेकींना छेदत, तेथे ही ठाणी उभी राहिली, आणि पुढे व्यापाराचे मार्ग व लेणी त्याच वाटांच्या आधाराने आली, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

त्याच संग्रहातील अखेरचा निबंध गोव्यातील जुन्या काबिजादींमधील ग्रामसंस्थेवर आहे. जन्मभूमीवर लिहिताना एखाद्याने आठवणींचा पाट वाहविला असता. कोसंबी तसे करीत नाहीत. स्कंदपुराणाच्या नावावर चालणाऱ्या सह्याद्रिखंडातील परशुरामकथा आणि गावकरी पद्धतीची प्रत्यक्ष जमीनव्यवस्था ही ते शेजारी शेजारी ठेवतात, आणि ज्या समाजात आपण जन्मलो त्याच्या कुलकथेलाही पुरावा मागतात. आमच्या मते हीच त्यांची खरी घरवापसी होय. ज्याला वारसा आयता मिळाला तो त्याची मोजदाद करीत नाही. ज्याला तो पुन्हा मिळवावा लागला तोच करतो.

ही केवळ मार्क्सवादी दृष्टी आहे, परतण्याशी तिचा संबंध काय, असा आक्षेप कोणी घेईल. दृष्टी मार्क्सवादी होती यात शंका नाही. परंतु सिद्धान्त प्रश्न पुरवितो. चव्हाट्यापर्यंत पाय नेत नाही. तोच सिद्धान्त घेऊन ग्रंथालयात बसून राहणारेही पुष्कळ होऊन गेले.

तथापि एक उणीव सांगितलीच पाहिजे. धर्मानंदांनी गोवा सोडून ज्ञानाच्या शोधार्थ नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश असा प्रवास केला आणि ती हकीकत ‘निवेदन’ (1924) या आत्मचरित्रात सरळ मराठीत सांगितली. पुत्राने मात्र आपले प्रमुख ग्रंथ इंग्रजीत लिहिले. ज्या वाडीवस्तीवरील माणसांनी त्यांना देवांची नावे सांगितली, त्यांच्या घरी हे ग्रंथ पोहोचण्यासारखे नव्हते. कोसंबी भूमीकडे परतले. त्यांचे लेखन भाषेकडे पूर्णपणे परतले नाही. जगभरच्या विद्वानांशी वाद घालावयाचा तर इंग्रजी आवश्यक होती, हे आम्ही मान्य करतो. परंतु त्यामुळे उणीव नाहीशी होत नाही. पुढे त्यांच्या काही ग्रंथांची मराठी भाषांतरे झाली. त्यांचा वापर करणे हे आता वाचकांचे आणि शिक्षकांचे काम आहे.

हे काम अदिलाबादेत विशेष निकडीचे वाटते. येथील मराठी मुलास आपण जर नकळत असे शिकवीत असू की त्याचा खरा देश नदीपलीकडे आहे, तर ज्या मातीवर तो उभा आहे ती त्याला कायमची परकी राहील. केसलापूरला पुष्य अमावास्येस नागोबाची जत्रा भरते. त्यापूर्वी मेसराम कुळातील गोंड गोदावरीचे पाणी पायी चालत आणतात. ती वाट कोठून जाते, तीच का, वाटेत मुक्काम कोठे पडतात, हे मुलांना घेऊन पाहणारा आणि मराठीत लिहून ठेवणारा शिक्षक कोसंबींच्याच मार्गावर असेल, आणि जे कोसंबींकडून राहून गेले तेही तो करीत असेल. परत येण्यासाठी प्रत्येकाला नदी ओलांडावी लागतेच असे नाही.